माळ्यावरचे माननीय

जुबिली लाइनच्या गाडीत त्याला ओळखायचं असेल तर चेहऱ्याकडे पाहू नये, पायांकडे पाहावं. वर कोट, टाय, कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली धावण्याचे बूट. काळे चामडी बूट पाठीवरच्या सॅकमध्ये असतात, पोळीभाजीचा डबा आणि ग्रंथालयाचं जाडजूड पुस्तक यांच्या मधे कोंबलेले. वेस्टमिन्स्टरला उतरला की फलाटाच्या कडेला एका पायावर उभा राहून तो बूट बदलतो आणि खासदाराच्या ऑफिसातला माणूस होतो. दुपारी त्याच स्टेशनात उलटा प्रयोग. काळे बूट आत, धावण्याचे बाहेर, टाय खिशात. तिथून डिस्ट्रिक्ट लाइननं दोनच स्टेशनं. टेंपलला उतरतो तेव्हा तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, म्हणजे एलएसईचा, विद्यार्थी असतो. मधल्या एम्बँकमेंट स्टेशनात तो नेमका कोण असतो, हे त्यालाही सांगता येत नाही.

वेम्ब्लीत आमच्या घराच्या छपराखाली एक खोली काढलेली आहे. मुलं आपापल्या संसाराला लागल्यापासून ती आम्ही विद्यार्थ्यांना देतो. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटलेलं कुणीतरी कुणाच्या तरी भाच्यासाठी शब्द टाकतं आणि सप्टेंबरअखेर दारात दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर येऊन उभा राहतो. डेटा सायन्सवाले येतात. ते महिनोन्महिने दिसत नाहीत, फक्त त्यांचं भाडं येतं. फायनान्सवाले येतात, ते दिसतात, पण भाड्यात घासाघीस करायला. राज्यशास्त्रवाले मात्र माणसांत बसतात, चहा पितात, बोलतात, आणि चहा संपला तरी बोलतात. त्यातही ज्याला शिक्षणाबरोबर एखाद्या खासदाराकडे इंटर्नशिप मिळाली आहे, त्याच्या बोलण्याला अंतच नाही. माझी बायको या सगळ्यांना सरसकट 'माननीय' म्हणते. माननीय बरेच होऊन गेले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. पण 2023च्या सप्टेंबरात आलेला कराडचा मुलगा हा त्या जातीचा अस्सल नमुना. बिरुदाचा पहिला मानकरीही तोच.

आल्याआल्या त्यानं आमच्या फ्रिजवर वेळापत्रक लावलं. निळा रंग वर्गाचा. हिरवा खासदारबाईंचा, कारण हाउस ऑफ कॉमन्सचे गालिचे हिरवे असतात आणि लॉर्ड्सचे लाल, हे त्यानं आम्ही न विचारता सांगितलं. पिवळा वाचनाचा. निळा आणि हिरवा एकमेकांवर चढले की कुठला तरी पिवळा बळी जायचा. दिवाळीपर्यंत पिवळा रंग फक्त रविवारी रात्री अकरानंतर शिल्लक होता, आणि त्या चौकोनावरही माझ्या बायकोनं, म्हणजे त्याच्या काकूंनी, दूधवाल्याचा नंबर लिहून ठेवला होता.

हिरव्या रंगाला सरकारचीच मर्यादा होती. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार, आणि काम बिनपगारी असलं तरी ते मोजायचं. माननीयांना पगार नव्हता. जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारच्या जेवणाचे पैसे मिळायचे. तेही पावती दाखवली तर, आणि डब्याची पावती द्यायला काकू तयार नव्हत्या. तरीही पठ्ठ्या एका वहीत मिनिटांचा हिशेब ठेवायचा. 'बुधवार, बाईंचा फोन, 11 मिनिटं.' 'शुक्रवार, लिफाफे चिकटवणे, 1 तास 50.' पगारी माणूस कामाचे तास वाढवून लिहितो आणि कमी काम करतो. हा बिचारा फुकट राबत होता आणि जास्त राबल्याचा गुन्हा आपल्या हातून घडू नये म्हणून धास्तावलेला होता.

"पगार किती?" हा कराडहून आलेला पहिला प्रश्न. वडील सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. आकडा नसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही.

"पगार नाही, बाबा. अनुभव मिळतो."

"अनुभव इथंही मिळाला असता. नगरपालिकेत ओळख आहे आपली. त्यासाठी कर्ज काढायची गरज नव्हती."

हे मत पुढे पूर्ण बदललं ते पोलिसांमुळे. पार्लमेंटचा पास मिळण्यापूर्वी माणसाची सुरक्षा तपासणी होते, आणि नुकताच परदेशातून आलेला असेल तर तिकडच्या पोलिसांचा दाखला लागतो. तो आणायला वडील ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, कशासाठी? ब्रिटिश पार्लमेंटसाठी, असं उत्तर ऐकल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं, चहा मागवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "उमेदवार आहे का मुलगा तिकडं?" दाखला यायला वेळ लागला, बातमी मात्र चहा संपायच्या आत ठाण्याबाहेर पडली. आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला. 'कराडचे सुपुत्र मा. अमुकअमुक यांची ब्रिटिश संसदेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वरच्या ओळीत काळे चष्मे लावलेले शुभेच्छुक, मधे त्यांच्याहून मोठ्या आकाराचे त्यांचे मार्गदर्शक, आणि खाली कोपऱ्यात दहावीच्या ओळखपत्रावरचा, नाकाखाली मिसरूड फुटू लागलेला आमचा सुपुत्र. मागे बिग बेन. बिग बेनच्या शेजारी, डिझायनरच्या मर्जीनं, वॉशिंग्टनचं कॅपिटल.

फोटो कौटुंबिक ग्रुपवर आला तेव्हा तो आमच्या स्वयंपाकघरात बसला होता. मला वाटलं, लाजेल, निदान वडिलांना फोन करून 'निवड' हा शब्द तरी दुरुस्त करायला लावेल. त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "काका, लोक नेहमी चुकतात. बिग बेन हे घंटेचं नाव. मनोऱ्याचं नाव 2012पासून एलिझाबेथ टॉवर आहे." बाकी फ्लेक्सबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्या दिवसापासून काकूंनी 'मा.' पूर्ण उच्चारायला सुरुवात केली. "माननीय, पोळ्या गार होताहेत."

तर निवड झालेल्या माननीयांना संसदेत पहिलं काम मिळालं ते पोस्टकोड तपासण्याचं. ब्रिटनमध्ये साडेसहाशे मतदारसंघ आहेत आणि खासदारानं फक्त आपल्याच मतदाराचं गाऱ्हाणं हाती घ्यावं असा कडक रिवाज आहे. त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक ईमेलखाली पत्ता आहे का, असला तर आपल्या हद्दीतला आहे का, नसला तर कोणाच्या गळ्यात घालायचा, हे आधी पाहायचं. सकाळी पेटी उघडली की निम्मे ईमेल एकाच छापाचे. मधमाश्या वाचवा. कोल्ह्यांची शिकार थांबवा. ते कुठल्या तरी संस्थेनं आयतं लिहून दिलेलं असतं, लोक फक्त नाव घालून पाठवतात. त्यांना उत्तरही आयतंच जातं. दोन्हीकडचा मजकूर भलत्याच माणसांनी लिहिलेला, आणि त्यावर ज्यांची नावं त्या दोघांनीही तो वाचलेला नाही. लोकशाहीतला संवाद म्हणजे काय यावर माननीय ज्या वर्गात निबंध लिहीत होते, तिथं हे कोणी शिकवल्याचं मी काही ऐकलं नाही.

उरलेले निम्मे ईमेल माणसांचे. भिंतीला ओल आली आहे, बुरशी धरली आहे, पोरगं खोकतंय, घरमालक दाद देत नाही. बायकोचा व्हिसा अडकला आहे. बसथांबा हलवला. शेजाऱ्यानं गाडी लावली म्हणून कचऱ्याची गाडी वळली नाही आणि डबा आठवडाभर तसाच आहे. आता कचऱ्याचा डबा खासदाराच्या अखत्यारीत येत नाही, तो स्थानिक कौन्सिलचा विषय. पण हे मतदाराला सांगितलं तर तो म्हणतो, मग तुम्ही कशाला? म्हणून ते सांगायचं नसतं. कौन्सिलला पत्र लिहायचं. कौन्सिलचं उत्तर आलं की 'आपल्या तक्रारीचा पाठपुरावा केला' असं वर लिहून पुढे पाठवायचं. डबा दरम्यान उचलला गेलेला असतो, कारण शेजारी गाडी घेऊन कामावर गेलेला असतो. श्रेय पत्राला.

"अरे, हे तर आमच्या नगरसेवकाचं ऑफिस झालं," मी म्हणालो. "चपला बाहेर काढायच्या की नाही, तेवढाच फरक."

तो दुखावला. "काका, असं कसं? इथं पत्राच्या डोक्यावर पोर्टक्युलिसचं चिन्ह असतं."

हे चिन्ह म्हणजे किल्ल्याच्या दरवाजाची लोखंडी जाळी, वर मुकुट. ती वरून खाली सोडली की बाहेरचा माणूस बाहेर. सामान्य माणसाला धीर देणाऱ्या पत्रावर ते का छापतात, हे मी विचारणार होतो. पण त्यानं बूट बांधायला घेतले होते.

त्याच्या नोकरीला, म्हणजे अ-नोकरीला, खरी किंमत आली ती एका बांमुळे. 1972 साली इदी अमीननं युगांडातून हाकललेल्या गुजराती कुटुंबांतल्या त्या. वय ऐंशीच्या पुढे. दर मंगळवारी फोन. विषय एकच, रिसायकलिंगचा डबा. ऑफिसातली इंग्रज मुलगी त्यांना 'आम्ही लक्ष घालतो' म्हणायची आणि बा म्हणायच्या, तू नको, दुसऱ्या कुणाला दे. एक दिवस फोन माननीयांकडे आला. त्यांनी कराडी हिंदीत सुरुवात केली, मधे मधे गुजराती पेरलं, ते गुजराती नसून मराठीच होतं हे बांनी मोठ्या मनानं सोडून दिलं. पाऊण तास बोलणं झालं. त्यात डब्याचा विषय पाच मिनिटं. उरलेल्या वेळात लग्न झालं का, आई काय करते, वेम्ब्लीत भेंडी कुठे चांगली मिळते. (वीस तासांतून हा पाऊण तास वजा करावा की नाही, यावर त्यानं माझं मत विचारलं होतं.) तिथून पुढे त्या पिढीचे सगळे फोन त्याच्याकडे. खासदारबाईंनी त्याला मीटिंगमध्ये सर्वांसमोर शाबासकी दिली. आणि हा होम ऑफिसला दुसऱ्यांच्या व्हिसाबद्दल कडक शब्दांत विचारणा करणारी पत्रं लिहू लागला. स्वतःचा व्हिसा येत्या जानेवारीत संपणार होता. त्याबद्दल विचारणा करायला त्याला मात्र कोणी खासदार सापडत नव्हता, कारण स्वतःच्याच ऑफिसात स्वतःची तक्रार नोंदवणं बरं दिसलं नसतं.

आता वर्गाकडे वळू. वळावंच लागेल, कारण तो फारसा वळत नसे.

हॉटन स्ट्रीटवर, म्हणजे त्याच्या कॉलेजात, पंधरा जणांचा सेमिनार असतो. टेबलाभोवती सगळे वाचून आलेले. इटलीची मुलगी तळटिपांसकट वाचून आलेली. माननीय वाचून आलेले नसत. पण न वाचलेल्या माणसाजवळ जे असावं लागतं ते त्यांच्याजवळ होतं, आणि ते म्हणजे आत्मविश्वासाला आधार देणारा पत्ता. पक्षशिस्तीवर चर्चा चालू असायची, संदर्भांची देवघेव व्हायची, आणि नेमक्या शांततेत हा घसा साफ करून म्हणायचा, "काल आमच्या ऑफिसात..." चौदा माना वळायच्या. प्राध्यापकही पेन उचलायचे. काल त्यांच्या ऑफिसात प्रत्यक्षात प्रिंटर अडकलेला असायचा. पण तो प्रिंटर पार्लमेंटमधला होता, एवढं पुरत होतं.

हेच ऑफिसात उलट. पत्रांचा गठ्ठा राहिला, एखादा फोन हुकला, की तो जरा विचारात पडल्यासारखा करून म्हणायचा, "सध्या सत्रनिबंध चालू आहेत. आमचे प्राध्यापक याच विषयावर..." आणि तिथले लोक ओशाळायचे, आपण या मुलाच्या विद्याभ्यासाच्या आड येतो आहोत, असं त्यांना वाटायचं. लोक म्हणतात, या मुलांना दोन्ही सांभाळण्याची कला साधते. मी जवळून पाहिलं आहे. त्यांना साधते ती एका ठिकाणची गैरहजेरी दुसऱ्या ठिकाणच्या खात्यावर टाकण्याची कला, आणि दोन्हीकडे थोडं जास्तच मोठं होऊन परत येण्याची. इंटर्नशिपमध्ये तो राजकारण शिकला का, असं मला कोणी विचारलं तर मी याच गोष्टीकडे बोट दाखवीन.

वॉल्टर बॅजट नावाच्या संपादकानं 1867 साली इंग्लंडच्या राज्यघटनेवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, राज्ययंत्रणेचे दोन भाग असतात: एक शोभेचा, लोकांच्या मनात आदर निर्माण करणारा, दुसरा कामाचा, प्रत्यक्ष कारभार हाकणारा. हे पुस्तक माननीयांच्या सॅकमध्ये अख्खं हिवाळी सत्र वेम्ब्ली ते वेस्टमिन्स्टर प्रवास करत होतं. बुटांच्या दाबानं त्याच्या पाठीला बाक आला होता. मी ते एका रविवारी उचलून वाचलं आणि त्याला विचारलं, तुझ्या आयुष्यातला शोभेचा भाग कुठला आणि कामाचा कुठला? त्यानं बराच विचार केला. म्हणाला, "बाबांना विचारलं तर ऑफिस शोभेचं. बाईंना विचारलं तर कॉलेज." मला उत्तर आवडलं. पुस्तक मुदतीनंतर परत गेलं.

कधी कधी रविवारी रात्री त्याला अपराधी वाटायचं, आणि अपराधी वाटलं की बाबासाहेबांचं नाव निघायचं. 1920 ते 1923 या काळात ते एकीकडे याच एलएसईत शिकत होते आणि दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचं, एम.एस्सी., डी.एस्सी. आणि सनद, तिन्ही त्यांनी मिळवल्या. किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर, जिथं ते तेव्हा राहायचे, ते 2015 साली महाराष्ट्र सरकारनं घेतलं. माननीय तिथं जाऊन यायचे, दारात फोटो काढायचे, आणि पुढचे दोन दिवस पहाटे पाचचा गजर लावायचे. गजर माळ्यावर वाजायचा, जाग आम्हाला खाली यायची. तुलना करायची तर एवढंच म्हणता येईल की बाबासाहेबांनी दोन्हीकडचं वाचलं होतं.

पास आल्यावर मात्र त्याचं रूप पालटलं. पास गळ्यातल्या पट्ट्याला असतो आणि बाहेर पडताना तो काढून ठेवा, अशी सूचना असते. हा गाडीत घालायचा, वेम्ब्ली पार्कला उतरून घालायचा, भाजी घेताना घालायचा. काकूंनी एकदा त्याला तो घालून कुकर लावताना पाहिलं. पार्लमेंटच्या आतल्या गोष्टी तर रोज रात्री ताटाबरोबर यायच्या. सभागृहात साडेसहाशे खासदारांसाठी जागा फक्त 427. बुधवारी बाराला पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं असतात तेव्हा बसायला मिळावं म्हणून लोक सकाळीच जाऊन जागेवर प्रार्थनेचं कार्ड ठेवतात आणि प्रार्थनेला हजर राहतात. कराडच्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला ही घटनात्मक परंपरा समजायला बॅजटची गरज पडली नाही. "फक्त तिथं प्रार्थना करावी लागत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, सातारच्या गाडीत बसायचं असेल तर करावी लागते.

त्याच्या दोन आयुष्यांची टक्कर व्हायची ती फेब्रुवारीत झाली. प्रबंधाच्या मार्गदर्शकांशी ऑनलाइन बोलणं ठरलं होतं. पक्षप्रतोद आपल्या खासदारांना मतदानाला कसे हाकतात या विषयावर एक प्रकरण वाचून यायचं होतं, ते अर्थात वाचलेलं नव्हतं. वेळ अशी की ऑफिसातून निघता येईना. म्हणून तो पोर्टक्युलिस हाउस या खासदारांच्या ऑफिसांच्या इमारतीत, काचेच्या छताखाली, झाडांच्या आडोशाला लॅपटॉप घेऊन बसला. ही अंजिराच्या जातीची झाडं भाड्यानं आणलेली असतात, आणि त्या भाड्यावरून 2012 साली वर्तमानपत्रांनी खूप ओरड केली होती. इथं सगळंच थोडं भाड्याचं असतं, हे माझं मत, त्याचं नव्हे. मार्गदर्शकांनी पहिलाच प्रश्न त्या प्रकरणातला विचारला. हा 'तसं पाहिलं तर' इथपर्यंत पोचला आणि मतदानाची घंटा वाजली. ती वाजली की खासदारांना आठ मिनिटांत मतदानाच्या दालनात पोचावं लागतं. पडद्यामागे एकदम पळापळ. कुणी घास टाकून उठलं, कुणी फोनवर ओरडत गेलं, खासदारबाई स्वतः कॅमेऱ्यासमोरून हातात सँडविच घेऊन धावल्या. मार्गदर्शक बघतच राहिले. घंटा थांबल्यावर म्हणाले, प्रकरण पुढच्या वेळी पाहू, आत्ता जे दिसलं त्यावर चार पानं लिहून द्या. ही चार पानं त्याच्या वर्षभरातल्या लेखनात सर्वांत चांगली ठरली. तो ती काही दिवस खिशात घेऊन हिंडत होता.

मग 22 मे उजाडला. पंतप्रधान ऋषी सुनक डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात उभे राहिले आणि कोट निथळत असताना त्यांनी 4 जुलैची निवडणूक जाहीर केली. 30 मे रोजी पार्लमेंट बरखास्त झालं. बरखास्त झालं की देशात एकही खासदार उरत नाही. मंत्री राहतात, खासदार नाही. म्हणजे माननीय ज्यांच्याकडे होते त्या बाई आता नुसत्या बाई होत्या, आणि हे त्यांच्याकडचे नुसते कुणीतरी. कराडला बातमी पोचली ती 'पार्लमेंट बरखास्त' एवढीच. वडिलांना लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, पोराला काढलं का?

प्रबंध ऑगस्टमध्ये द्यायचा होता, दहा हजार शब्दांचा. जूनमध्ये त्याचे लिहिलेले शब्द शून्य, आणि तो गळ्यात पट्ट्याऐवजी पक्षाची रिबीन लावून गल्ल्या पालथ्या घालत होता. प्रचार हा हौसेचा मामला, तो वीस तासांत धरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. कायद्याचंही तेच म्हणणं होतं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं फ्रिजवर चौथा रंग लावला असता.

याच सुमारास आमच्या घरातलं लाकडी उलथनं नाहीसं झालं. काकूंनी सगळे कप्पे उपसले. मला विचारलं, शेजारच्या बाईंना विचारलं. रात्री माननीय परतले, खांद्यावरच्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्यात उलथनं.

"काकू, रागावू नका. दाराच्या फटीतून पत्रक आत ढकलायचं असतं. आत ब्रश असतो, कागद वाकतो. हात घालावा तर पलीकडे कुत्रं. इथले जुने कार्यकर्ते सगळे असंच काहीतरी लाकडी घेऊन फिरतात."

काकूंनी उलथनं दिव्याखाली धरलं. एका टोकाला दातांचे चार स्वच्छ ठसे होते.

"हे कुणाचं मत?" त्यांनी विचारलं.

"त्या घरी विरोधक आहेत," माननीय म्हणाले.

प्रचाराचं त्याला कराडचं शिक्षण होतं. तिथं चहा पाजून मत न देणारे मतदार त्यानं लहानपणापासून पाहिले होते. इथं चहाही न पाजता मत न देणारे भेटले, तेव्हा तो जरा खचला. 'विचार करून सांगतो' म्हणणाऱ्याला तो सुरुवातीला यादीत 'आपला' म्हणून खूण करायचा. आठवड्यानं त्या खुणा खोडायला लागल्या. दार उघडणारं माणूस देशी निघालं तर तो दादाभाईंना बाहेर काढायचा. 1892 साली दादाभाई नवरोजी सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले, तेव्हा एकेक मत मोलाचं आहे, वगैरे. एका म्हाताऱ्या पटेलांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पुढच्या निवडणुकीत काय झालं? माननीय गप्प झाले. 1895 ला दादाभाई पडले होते.

4 जुलैला त्यानं स्वतःही मत दिलं. कॉमनवेल्थमधला नागरिक इथं कायदेशीरपणे राहत असेल तर त्याला ब्रिटिश पार्लमेंटसाठी मतदान करता येतं, आणि ओळखीचा पुरावा म्हणून भारतीय पासपोर्टही चालतो. निळा पासपोर्ट दाखवून तो मत देऊन आला, घरी येऊन बराच वेळ शांत बसला. 7 मेला साताऱ्यात लोकसभेचं मतदान झालं होतं. तिथल्या यादीत त्याचं नाव होतं आणि तो इथं लोणी लावून टोस्ट खात होता. "आमच्याकडचं सरकार मला न विचारता झालं," तो म्हणाला, "आणि यांचं मला विचारून." मग त्यानं वहीत नोंद केली. 'मतदान, 20 मिनिटं.' सवयच ती.

बाई निवडून आल्या. बिचाऱ्या पहाटे चार वाजता मतमोजणीच्या सभागृहात सगळ्यांना मिठ्या मारत होत्या, त्यात एक याच्या वाट्याला आली. त्या मिठीचा फोटो कराडला गेला आणि फ्लेक्सवाल्यानं नवा हिशेब दिला. वडिलांनी या वेळी मात्र तो परत पाठवला.

प्रबंधाचा विषय त्यानं जुलैत बदलला. आधीचं शीर्षक राज्यसंस्थेची वैधता वगैरे होतं. नवा विषय खासदाराच्या ऑफिसात येणाऱ्या तक्रारींचा. त्यातलं तिसरं प्रकरण संपूर्ण बांच्या डब्यावर आहे. नियमाप्रमाणे नाव बदलून त्यांना 'मतदार क' केलं आहे. परवानगी घ्यायला तो त्यांच्या घरी गेला तर त्यांनी थेपले बांधून दिले आणि डब्याचं काय झालं ते विचारलं. डबा अजून कधी मधी राहतोच. मार्गदर्शकांनी मात्र त्या प्रकरणावर चांगला शेरा दिला.

सप्टेंबरात त्याची निघायची वेळ झाली. पुढच्या नोकरीसाठी दोन शिफारसपत्रं हवी होती, एक खासदारबाईंचं, एक प्राध्यापकांचं. दोघेही कामात. दोघांनीही एकच सांगितलं: मसुदा तूच कर, मी सही करतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं दोन्ही एका बैठकीत लिहिली आणि मला वाचायला दिली. बाईंच्या पत्रात होतं, 'हा तरुण आमच्याकडे असताना त्याचं सारं लक्ष कार्यालयाच्या कामावर केंद्रित होतं.' प्राध्यापकांच्या पत्रात होतं, 'वर्षभर त्यानं अभ्यासाखेरीज दुसऱ्या कशाकडे पाहिलं नाही.' दोघांनीही एक शब्द न बदलता सह्या केल्या.

तिसरं पत्र माझं. नव्या घरमालकाला जुन्या घरमालकाची शिफारस लागते. मी प्रामाणिकपणे एका वाक्यात लिहिलं, 'हा मुलगा वर्षभर घरात फारसा नव्हता, त्यामुळे त्याच्याविषयी तक्रार नाही.' त्यानं ते वाचलं, "काका, भावना पोचल्या," म्हणाला, आणि कागद घेऊन माळ्यावर गेला. तासाभरानं टाइप केलेली प्रत घेऊन उतरला. 'घरातल्या सर्वांशी त्याचे जिव्हाळ्याचे संबंध होते आणि घरातल्या लहानमोठ्या प्रत्येक निर्णयात त्याचा सक्रिय सहभाग असे.'

मी काकूंकडे पाहिलं.

"करा सही," त्या म्हणाल्या. "आणि खाली लिहा, एक उलथनं येणं आहे."